मंडळाचे उरलेले बासष्ट हजार, ओट्यावरची पोरं आणि सीसीटीव्ही

नदीकाठ

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज धागा काढतेय.

आमचं गाव तालुक्याचं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. पेठेच्या मागे बंद पडलेलं एक जुनं गोदाम आहे. त्याच्या ओट्यावर दिवेलागणीनंतर पोरं जमतात, आठवी-नववीपासून बारावीपर्यंतची. गुटखा, सिगरेट, मोबाइलवर पैसे लावून खेळ, अधूनमधून बिअर. मागे एकाचा वाढदिवस झाला, गाडीच्या बॉनेटवर केक ठेवून कोयत्याने कापला आणि रील टाकलं. पोलिसांनी तिघांना बोलावून समज दिली. आता तेच तिघं ओट्यावरचे हिरो आहेत.

गणेश मंडळाकडे यंदा वर्गणीतले बासष्ट हजार उरले. बैठकीत तीन सूचना आल्या: सीसीटीव्ही बसवा, मोठा वक्ता आणून व्यसनमुक्तीचं व्याख्यान आणि फेरी करा, किंवा ओटाच पाडा. मी म्हटलं, ही पोरं तर आहेतच, पण आज पाचवी-सहावीत असलेली पोरं तिथे जाऊ नयेत यासाठी काही करता येईल का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. "म्हणजे नक्की काय करायचं मॅडम?" मला सांगता येईना.

तर तेच विचारतेय. कुणी आपल्या गावात, वाडीत, सोसायटीत असं काही केलंय का? चाललं का? "संस्कार कमी पडतात" हे उत्तर नको, ते बैठकीत फुकट मिळालंय.

खडूस_काका

आमच्या वेळी मास्तर रस्त्यात दिसले तरी पोरं गल्ली बदलायची. दोन फटके आणि बापाला निरोप. बासष्ट हजारांचे पेढे वाटा.

पाणचट

काका, तुमच्या वेळी गल्ली बदलून पोरं जायची कुठे? दुसऱ्या गल्लीतल्या ओट्यावरच ना? :-)

खडूस_काका

आम्ही तिथे पत्ते खेळायचो. कोयते नव्हते.

चाळकरी

सीसीटीव्हीबद्दल अनुभव. आमच्या चाळीत जिन्याखाली कॅमेरा बसवला. पोरं गच्चीवर गेली. गच्चीवर बसवला, पोरं मागच्या नाल्याकडे गेली. तिथे आता बघायला कुणी जातही नाही. पूर्वी निदान जिन्यातून जाता-येता कुणीतरी "काय रे, जेवलास का" तरी म्हणायचं.

कडुनिंब

सार्वजनिक आरोग्यात काम करतो, म्हणून थोडं लांबड लावतो.

नदीकाठ, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि याच प्रश्नावर एका देशाने बरंच काम केलंय. आइसलँड. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं सांगत होती की गेल्या महिन्याभरात आपण दारू पिऊन झिंगलो होतो. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. रोज सिगरेट ओढणारे २३ वरून ३ टक्के, कधीतरी गांजा ओढलेले १७ वरून ७.

यात व्याख्यानांचा वाटा जवळजवळ नाही. आधी त्यांनी शाळाशाळांतून मुलांनाच निनावी प्रश्नावली देऊन विचारलं: संध्याकाळी कुठे असता, कुणाबरोबर असता, घरचे किती वेळ भेटतात, पहिली सिगरेट कुठे मिळाली. दर काही काळाने पुन्हा विचारत राहिले, आणि प्रत्येक वस्तीला तिचे आकडे लगेच परत दिले. उत्तरांतून दिसलं ते असं: जी मुलं आठवड्यातून तीन-चारदा कुठल्या तरी खेळात किंवा गाण्या-बजावण्यात असतात, ज्यांचे आई-बाप संध्याकाळी घरात भेटतात, ज्यांच्या घरच्यांना मुलाचे मित्र माहीत असतात आणि जी उशिरापर्यंत बाहेर नसतात, ती यापासून लांब राहतात. मग सगळा जोर तिकडेच लावला. राजधानी रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५,००० क्रोनरपर्यंत क्लबची फी नगरपालिका भरायची. तंबाखू १८ वर्षांखाली नाही, दारू २० खाली नाही, दोन्हींच्या जाहिराती बंद. १३ ते १६ च्या मुलांनी हिवाळ्यात दहाच्या आत आणि उन्हाळ्यात बाराच्या आत घरी. प्रत्येक शाळेत पालकांची संघटना. पालक आपसात लेखी करारच करायचे: आपण कुणीच आपल्या पोरांना दारू आणून देणार नाही, आपल्या घरी मोठं माणूस नसताना पार्टी होऊ देणार नाही.

या शेवटच्या गोष्टीला पैसा लागत नाही, हे मंडळाला सांगा.

पाणचट

उन्हाळ्यात बाराच्या आत? तिथे उन्हाळ्यात बारा वाजता ऊन असतं. पोरं म्हणत असतील, आई, अजून दुपारच आहे.

आकडेमोड

@कडुनिंब, आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत. आमची सांगली-मिरज-कुपवाड महापालिका २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर होती. पैसेवाला देश, सगळे एकमेकांना ओळखणारे. आपल्याकडे कसं जमायचं? शिवाय त्या वर्षांत युरोपातल्या बऱ्याच देशांत पोरांचं पिणं कमीच होत होतं. मग सगळं श्रेय यालाच का द्यायचं?

कडुनिंब

आक्षेप रास्त आहे. आइसलँडमध्ये 'हे केलेली गावं' आणि 'न केलेली गावं' अशी चिठ्ठ्या टाकून तुलना झालेली नाही.

अशी तुलना अमेरिकेत झाली. सिएटलच्या विद्यापीठातल्या डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटलानो यांची 'कम्युनिटीज दॅट केअर' नावाची पद्धत आहे. गावातले शिक्षक, पोलीस, पालक, धर्मगुरू, दुकानदार यांची एक समिती करायची, मुलांची पाहणी करायची, त्यातून गावापुरते दोन-चारच धोके निवडायचे आणि त्यांच्यावर आधी सिद्ध झालेलेच उपाय वापरायचे. २००३ पासून सात राज्यांतल्या चोवीस लहान गावांत प्रयोग केला. बारा गावांत ही पद्धत, बारा नेहमीसारखी. पाचवीतल्या मुलांपासून सुरुवात. ती आठवीत पोचली तेव्हा सिगरेट आणि दारू सुरू करणाऱ्यांचं प्रमाण या गावांत सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं, चोऱ्यामाऱ्या-मोडतोडही कमी. आणि ही गावं तुमच्या तालुक्याच्या गावाएवढीच होती, काही त्याहूनही लहान.

शाळामास्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. नदीकाठताई पाचवी-सहावीच्या पोरांबद्दल बोलताहेत, म्हणून लिहितो.

तंबाखूमुक्त शाळा हा कार्यक्रम आम्हीही केला. निकष असतात: फलक लावा, शपथ घ्या, शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारा, फोटो चढवा. आम्ही रेघ मारली. रेघेच्या आत दोन टपऱ्या होत्या. फोटो काढताना त्या येणार नाहीत असा कोन बघितला गेला. शाळेला प्रमाणपत्र मिळालं, टपऱ्याही राहिल्या. सांगायला लाज वाटते पण असंच चालतं.

खरा फरक पुढे पडला, आणि तोही कार्यक्रमाबाहेर. आमच्या गावातल्या एका बचतगटाच्या बायका टपरीवाल्याकडे गेल्या. भांडायला नाही. म्हणाल्या, तुझा धंदा बंद करत नाही, शाळेच्या गणवेशातल्या पोराला पुडी देऊ नको, आणि दिलीस तर आमच्यातली एकही तुझ्याकडनं चहासाखर घेणार नाही. त्याने देणं थांबवलं. पोरं आता दुसऱ्या गावातून आणतात म्हणा, पण सहावीतलं पोर दोन किलोमीटर चालून पुडी आणायला जात नाही. बारावीतलं जातं.

कलम_कसाई

@शाळामास्तर, त्या टपरीवाल्याला बायकांनी एक कलमही ऐकवायला हवं होतं. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकली, तर २००३ च्या तंबाखू कायद्यात दंड दोनशे रुपयांपर्यंत. त्याला कुणी भीत नाही. पण बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७: लहान मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. अठराच्या आतलं प्रत्येक पोर यात आलं. हे कलम टपरीवाल्यांना माहीत नसतं आणि बऱ्याच ठाण्यांत आठवतही नाही.

आणि दारूबद्दल: महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय २१, बाकी दारूला २५. ओट्यावर बिअर येते म्हणजे ती कुठला तरी मोठा माणूस आणून देतोय. तो कोण, हे विचारा.

वस्तीतला

सगळं वाचलं. मी तेवीस वर्षांचा आहे आणि असल्याच एका ओट्यावर वाढलोय. दोन गोष्टी बोलतो, राग मानू नका.

एक. नदीकाठ मॅडम, तुमच्या ओट्यावर बसणारी पोरं कुठल्या घरातली? पेठेतली की मागच्या वस्तीतली? कारण आमच्या गावात वस्तीतल्या पोराने कोयता दाखवला तर 'गँग', आणि बंगल्यातल्या पोराने शेतातल्या घरात पार्टी करून गाडी ठोकली तर 'वय आहे'. समिती नेमली की तिच्यात बंगलेवाले असतात आणि तिचं काम वस्तीवर चालतं. सीसीटीव्हीचं तोंड कुठल्या बाजूला असेल ते मी आजच सांगतो.

दोन. आम्ही ओट्यावर का बसायचो? घरात दहा बाय दहाची खोली, तिच्यात पाच माणसं. बाप पिऊन आला की बाहेरच बरं. शाळेचं मैदान पाचला कुलूप. व्यायामशाळा आमदारांच्या निधीतून झालेली, चावी कार्यकर्त्याकडे. वाचनालयात बसलं की "मोठ्याने बोलू नका". ओटा तेवढा कुणाच्या मालकीचा नव्हता. गुटखा नंतर आला. आधी फक्त बसायला जागा पाहिजे होती.

रातराणी

@वस्तीतला, कडक टाळ्या.

आणि सगळ्यांना एक प्रश्न: इतक्या प्रतिसादांत 'पोरं' म्हणजे मुलगेच आहेत. त्या गावातल्या मुली संध्याकाळी कुठे असतात? घरात. ओट्यावर पोरं बसतात म्हणून मुलींची शिकवणी बंद होते, सायकल बंद होते, कुठे कुठे शाळाच बंद होते आणि लग्न लागतं. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं याला 'तरुणांमधलं समस्यात्मक वर्तन' कुणी म्हणत नाही, कारण ते वर्तन मोठ्यांचं असतं. 'दहाच्या आत घरी' असा नियम केलात तर तो मुलांना दहा आणि मुलींना सहा होईल, आधीच सांगते.

खडूस_काका

आता हा धागा बायकांच्या हक्कांवर गेला.

रातराणी

गेला नाही काका, इथेच आहे.

तालीमवाला

आमच्या कोल्हापुरात या सगळ्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी काढलंय भावांनो. तालीम! प्रत्येक पेठेला तालीम. पोरगं दहा वर्षांचं झालं की आखाड्यात नाहीतर फुटबॉलला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, ही नावं आमच्याकडं क्लबची नाहीत, पेठेचीच हायत. शाहू स्टेडियमवर मॅच असली की सगळी पेठ तिथं. वस्ताद दिवसातनं दोनदा पोराला बघतो. पोरगं दोन दिवस दिसलं न्हाई तर घरी माणूस येतो. आइसलँडला जायची गरज न्हाई.

आकडेमोड

आणि मॅच संपल्यावर दोन पेठांची जी दगडफेक होते, ती कुठल्या कार्यक्रमात धरायची?

तालीमवाला

ते… ते वेगळं हाय. (पण बरोबर हाय तुमचं. तालमीनं पोरगं दारूपासनं लांब राहतं, पेठेच्या भांडणापासनं न्हाई. वस्ताद कसा हाय त्यावर सगळं.)

कडुनिंब

तालीमवाल्यांचा कंस महत्त्वाचा आहे. खेळ दिला की पोरं सुधारतात असं सरळ नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत एक प्रयोग झाला. पाचशे सहा मुलगे, जोड्या लावून दोन गट. एका गटाला समुपदेशक मिळाले, घरभेटी, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं, सरासरी पाच वर्षं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी त्या सगळ्यांना शोधून काढलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी सांगितलं, आम्हाला फार मदत झाली. आणि नोंदी बघितल्या तर मदत मिळालेला गटच मागे होता: पुन्हा पुन्हा गुन्हे करणारे जास्त, दारूचे बळी जास्त, लवकर मेलेले जास्त. पुढे तपशिलात गेल्यावर दिसलं की सर्वांत वाईट अवस्था शिबिरांना वारंवार पाठवलेल्यांची होती. वांड मुलं एकत्र केली आणि त्यांनी एकमेकांना शिकवलं.

म्हणून 'बिघडलेल्या मुलांचं शिबिर' कृपा करून घेऊ नका. जो काही खेळ असेल तो सगळ्यांचा, मिसळलेला आणि मोठं माणूस हजर असलेला हवा.

पाणचट

म्हणजे मी शाळेत असताना मला संस्कार शिबिराला पाठवलं तिथेच घात झाला. आईला हा दुवा पाठवतो.

फुफाटा

गडचिरोली-चंद्रपूरकडचा आहे. आमच्याकडे खर्रा चालते. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधलेला. पाहुणा आला तर चहाआधी खर्रा. लहान पोरांच्या हातून आणवतेत आणि आणता आणता पोरगं चिमूटभर तोंडात टाकते. इथं 'बिघडलेली पोरं' वगैरे काही नाही, अख्खं गावच खाते. पोराला सांगाचं कोणत्या तोंडानं?

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, लोकांनी लढून घेतलेली. शेजारी चंद्रपूरची २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. कायदा एका सरकारनं केला, दुसऱ्यानं काढला. बंदी असली तरी चोरून येतेच, खोटं कायले बोलू. पण २०१६ पासून मुक्तिपथ चालू आहे, डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'नं सरकार आणि टाटा ट्रस्टसोबत मिळून सुरू केलेलं. त्यात गावागावात संघटना असते. बाया विकणाऱ्याच्या घरी जातेत, समजावतेत, नाही ऐकलं तर माल बाहेर काढून नष्ट करतेत, दंड गावाच्या खात्यात. जिथं संघटना जिवंत आहे तिथं फरक दिसते. जिथं दोन बाया दमल्या आणि तिसरी आली नाही, तिथं पुन्हा जैसे थे.

बाकी महाराष्ट्रातल्या बायांसाठी आडव्या बाटलीची सोय आहेच, पण दुकान बंद कराले गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी अर्ध्याहून जास्तीनं येऊन आडव्या बाटलीले मत द्याव लागते. मतदानाले आलेल्यांपैकी नाही, एकूण. आता सांगा, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीले तरी किती जण असं निवडून येते?

मिरजकर_सासुरवाडी

सांगलीचं नाव निघालंच आहे तर कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावबद्दल कुणी लिहीत कसं नाही? २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बंद, साडेआठपर्यंत. त्या वेळात मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं बोलत बसतात. करोनात शाळा मोबाइलवर आली आणि मग मोबाइल सुटेना, म्हणून ग्रामसभेत ठरवलं. माझी सासुरवाडी जवळच आहे. सासऱ्यांचं म्हणणं असं, की यातली खरी मेख मुलांच्या नाही, मोठ्यांच्या टीव्हीची आहे. आईची मालिका चालू आणि पोराला "फोन ठेव" म्हटलं तर पोर ठेवत नाही. भोंगा सगळ्यांना एकदम वाजतो.

रातराणी

भोंगा मला एरवी आवडला नसता, पण हे 'सगळ्यांना एकदम' आवडलं. त्याच वर्षी यवतमाळकडे पुसद तालुक्यात एका गावाने अठराखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला, दंडासकट. तो मुलांपुरताच. दोन्हींतला फरक बघा.

चाळकरी

साडेआठनंतर काय करतात? सगळे एकदम फोनवर तुटून पडत असतील. लग्नातली पंगत सुटल्यासारखे.

मिरजकर_सासुरवाडी

पडतात की. पण दीड तास तर गेला!

उत्तरध्रुव

कामानिमित्त काही वर्षं रेक्याविकला होते, मुलगा तिथल्या शाळेत होता. कडुनिंब यांनी लिहिलंय त्यात एक गोष्ट राहिली. शुक्रवारी-शनिवारी रात्री पालक पाळीपाळीने पायी फिरतात. चार-पाच जण, अंगात चमकणारी जाकिटं. पकडायचं नाही, ओरडायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. पोरं दिसली की "काय चाललंय, थंडी फार आहे, घरी निघालात का" एवढंच. मला सुरुवातीला हे फार बावळट वाटलं होतं. पण फिरताना मुलांपेक्षा इतर पालकच जास्त भेटतात. मी शाळेतल्या निम्म्या आयांना या फेऱ्यांत ओळखायला लागले. मग मुलगा "सगळ्यांना परवानगी आहे, फक्त मलाच नाही" म्हणाला की मी फोन करून खात्री करू शकत होते. कुणालाच परवानगी नसायची.

घरात फ्रिजवर वेळांचा तक्ता चिकटवलेला. भांडण आईशी नाही, तक्त्याशी.

खडूस_काका

हे मात्र पटलं. आमच्या वेळीही बायका ओट्यावर निवडत-टिपत बसायच्या, त्यांची नजर असायची. तेच हे.

वस्तीतला

काका, त्या नजरेत कोण कोणाच्या पोरीशी बोलतो तेही असायचं, आणि त्यावरून पोरं मार खायची. नजर कुणाची आणि कशासाठी, ते आधी ठरवा. जाकीट घालून फेरी मारणाऱ्यांत वस्तीतली दोन माणसं नसतील तर तो आमच्यासाठी पोलीसच.

उत्तरध्रुव

मान्य. तिथे मीही परदेशी होते, पण मला बोलावलं गेलं. बोलावलं नसतं तर मलाही तसंच वाटलं असतं.

गोंयचो_पाव

'संगथ' कुणाला आठवली नाही म्हणून लिहितो. आमच्या गोव्यातली 'संगथ' संस्था मानसिक आरोग्यावर काम करते. त्यांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' म्हणून प्रयोग केला, निकाल २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत गावातलाच, पण शाळेबाहेरचा एक माणूस नेमला, डिग्रीवाला डॉक्टर-बिक्टर नाही, प्रशिक्षण दिलेला साधा माणूस, त्याला 'सेहर मित्र' म्हणायचे. काही शाळांत तेच काम शिक्षकाला दिलं. तक्रारपेटी, भित्तिपत्रक, स्पर्धा, एकेकट्याशी बोलणं. मित्र असलेल्या शाळांत दादागिरी, मारामारी, नैराश्य चांगलंच कमी झालं. शिक्षकांना दिलेल्या शाळांत काहीच फरक नाही.

शाळामास्तर

मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. मतदारयादी, जनगणना, पोषण आहार, आणि वर मित्रही मीच. शिवाय ज्या पोराला मी सकाळी गृहपाठावरून बोललो तो दुपारी माझ्या पेटीत चिठ्ठी टाकेल?

पाणचट

टाकेल. तुमच्याबद्दलची.

आकडेमोड

बरं, धागाकर्तीचा प्रश्न बासष्ट हजारांचा होता. इथे आइसलँड, बिहार, कोल्हापूर सगळं फिरून झालं. हिशेब करू या का? चार बरे कॅमेरे, रेकॉर्डर, वायरिंग यातच निम्म्याच्या वर रक्कम जाईल आणि दुसऱ्या पावसात दोन बंद. नामांकित वक्ता, मंडप, ध्वनिक्षेपक, सत्कार, शाली: तीही रक्कम एका संध्याकाळी गेली. अमेरिकेत पोलिसांनी शाळेत जाऊन व्याख्यानं द्यायचा 'डेअर' कार्यक्रम १९८३ पासून चालला, अभ्यासांमागून अभ्यास झाले, टिकाऊ फरक सापडला नाही. तेव्हा शाली वाचवा.

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. वाचनखूण साठवून मंडळाच्या अध्यक्षांना पाठवलाय धागा, खडूस काकांसकट.

वस्तीतला, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: ओट्यावर दोन्हीकडची असतात. पोलिसांनी बोलावलेले तिघंही वस्तीतले. बॉनेट मात्र पेठेतल्या एका बड्या घरच्या गाडीचं होतं. बैठकीत हे कुणी बोललं नाही, मीसुद्धा.

सध्या डोक्यात आहे ते असं. शाळेचं मैदान पाचला बंद होतं, ते साडेआठपर्यंत उघडं ठेवायची परवानगी शाळा व्यवस्थापन समितीकडून मागायची. दोन फ्लडलाइट, व्हॉलीबॉलची जाळी, मुलींसाठी वेगळ्या वेळा न ठेवता दुसरं अर्धं मैदान. रोज दोन मोठी माणसं हजर, पाळीपाळीने, एक पेठेतलं, एक वस्तीतलं. आणि आठवीपर्यंतच्या मुलांची निनावी प्रश्नावली, शाळेबाहेरच्या माणसाने घेतलेली. ओट्याला हात लावायचा नाही. मोठी पोरं येतील तर येतील, न आली तर बारकी तरी मैदानात असतील.

टपऱ्यांकडे बचतगट जायला तयार आहे. कलम ७७ छापून घेतलंय.

वस्तीतला

हे ठीक आहे. दोन सूचना. ओट्यावरच्याच मोठ्या पोरांपैकी एकाला व्हॉलीबॉल शिकवायला ठेवा आणि त्याला महिना काहीतरी द्या, फुकट नको. आणि चावी कार्यकर्त्याकडे नको.

कडुनिंब

पहिल्या सूचनेला जोड: तो ज्या दिवशी शिकवेल त्या दिवशी मोठं माणूस नक्की हजर हवं. आणि ओट्यावरच्यांपैकी कुणी खरंच अडकलेलं असेल तर मैदान पुरणार नाही. त्याला १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, पुण्याजवळ असाल तर मुक्तांगण, १९८६ पासून आहे. प्रतिबंध आणि उपचार एकाच बासष्ट हजारांत बसवू नका.

प्रश्नावलीत नाव, हजेरी क्रमांक, जात, काही नको. आणि निकाल 'अमुक शाळेतली पोरं गुटखा खातात' असा बातमीत जाऊ देऊ नका. एकदा गेला की पुढच्या वर्षी सगळी पोरं 'नाही'वर टिक करतील.

रातराणी

अर्धं मैदान लेखी घ्या. तोंडी अर्धं मैदान पंधरवड्यात पाव होतं.

तालीमवाला

जाळी कोल्हापुरातनं घ्या, ओळखीनं स्वस्तात देतो. चेंडू चांगला घ्या, त्यात काटकसर नको.

खडूस_काका

हजर राहणाऱ्यांत माझं नाव लिहा, मंगळवार आणि शुक्रवार. तुमच्या गावात नाही, माझ्या इथे असलंच काही सुरू करतोय. फटके नाही मारणार, लिहून देतो.

पण मला आधी एक सांगा. फ्लडलाइटचं बिल कोण भरणार? शाळेच्या मीटरवर टाकलंत तर मुख्याध्यापक दोन महिन्यांत बंद करतील. मंडळाच्या नावावर मीटर घेतलं तर दर कुठला लागतो? महावितरणमधलं कुणी आहे का इथे?

पाणचट

काका, महावितरणवाले आहेत, पण आत्ता त्यांच्याकडे लाइट नसेल.

विजेचा_खांब

आहे मी. मीटर कुणाच्याच नावाने घेऊ नका अजून. आधी नगरपंचायतीकडे पथदिव्यांच्या जोडणीतून दोन खांब मागा, अर्जावर नगरसेविकेची सही घ्या. निवडणूक जवळ असेल तर लवकर होतं.